रुग्णाचे बोलणे कसे ऐकावे: नव्याने दवाखाना सुरू करणाऱ्या डॉक्टरांसाठी

वैद्यकीय महाविद्यालयात हृदयाचे ठोके ऐकायला शिकवतात, फुप्फुसांतली खरखर ऐकायला शिकवतात. समोर बसलेला माणूस जे बोलतो आहे ते ऐकण्याचे शिक्षण मात्र बहुतेकांना पदवी मिळाल्यानंतर स्वतःच घ्यावे लागते, आणि त्या शिक्षणाची किंमत पहिल्या काही वर्षांतले रुग्ण मोजतात. माझ्याही रुग्णांनी ती मोजलेली आहे. जे मला उशिरा कळले ते तुम्हाला थोडे लवकर कळावे, एवढ्याच हेतूने माझी कामाची पद्धत येथे सविस्तर मांडतो आहे.

रुग्णाचे ऐकून घेणे हा चांगुलपणाचा भाग आहे, असे समजून आपण ते फावल्या वेळावर सोडतो. प्रत्यक्षात ते निदानाचे पहिले साधन आहे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात बाह्यरुग्ण विभागात आलेल्या ८० नव्या रुग्णांचे निदान नेमके कोणत्या टप्प्यावर झाले, हे तपासले गेले. त्यांपैकी ६६ जणांचे अंतिम निदान पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाची हकिगत ऐकूनच झालेले होते. शारीरिक तपासणीचा निर्णायक उपयोग ७ जणांना झाला आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांचा आणखी ७ जणांना. त्या काळी सीटी स्कॅन नुकता आला होता आणि एमआरआय आलेलाच नव्हता, त्यामुळे आज तोच अभ्यास केला तर आकडे काहीसे वेगळे येतील हे उघड आहे. पण कोणता स्कॅन करायचा, कोणत्या भागाचा करायचा आणि मुळात करायचा की नाही, हे ठरवायला आजही हकिगतीवाचून दुसरा मार्ग नाही.

पहिली दोन मिनिटे

रुग्णाला आत बोलावण्यापूर्वी त्याचा केस पेपर वाचून घ्यावा. तो समोर बसल्यावर कागद चाळत राहिलात, तर त्याची पहिली दोन वाक्ये तुमच्या कानांवर पडतात, पण मनात उतरत नाहीत. रुग्णाची खुर्ची टेबलाच्या पलीकडे, समोरासमोर ठेवण्याऐवजी टेबलाच्या कोपऱ्याशी ठेवावी, म्हणजे मध्ये लाकडाचा अडसर राहत नाही आणि हात पुढे केला की नाडी सापडते. वॉर्डात राउंड घेताना खाटेजवळ खुर्ची ओढून बसावे. डॉक्टर उभे राहून बोलले की बसून बोलले, यावरून ते किती वेळ थांबले याबद्दलची रुग्णाची समजूत बदलते, असे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरील एका अभ्यासात दिसून आले होते; घड्याळाने मोजलेला वेळ जवळजवळ तेवढाच असूनही बसलेले डॉक्टर जास्त वेळ थांबल्यासारखे रुग्णांना वाटले. बसायला काहीच खर्च येत नाही.

नावाने नमस्कार करावा, सोबत आलेली व्यक्ती कोण आहे हे विचारावे, आणि मग एकच मोकळा प्रश्न करावा: ‘काय त्रास होतो आहे, सांगा.’ यानंतर गप्प बसावे. हे वाक्य लिहायला सोपे आणि पाळायला फार अवघड आहे. १९८४ साली अमेरिकेत डॉक्टर व रुग्ण यांच्यातील संभाषणांचे ध्वनिमुद्रण करून अभ्यास झाला, तेव्हा डॉक्टरांनी रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत तोडल्याचे आढळले. आपल्याला वाटते की बोलू दिले तर रुग्ण थांबणारच नाही आणि बाहेरची रांग वाढत जाईल. स्वित्झर्लंडमध्ये २००२ साली नेमकी हीच शंका तपासली गेली. डॉक्टरांनी मध्ये न बोलायचे ठरवले आणि रुग्ण स्वतःहून किती वेळ बोलतात ते मोजले. सरासरी ९२ सेकंद भरले, आणि १०० पैकी ७८ रुग्णांचे बोलणे दोन मिनिटांच्या आत संपले. ज्या दोन मिनिटांच्या भीतीने आपण माणसाला तोडतो, तीच वाचवण्यासाठी पुढे वीस उपप्रश्न विचारत बसतो.

गप्प बसणे म्हणजे निर्विकार बसणे नव्हे. मान हलवावी, ‘बरं’, ‘मग?’ एवढेच म्हणावे, आणि रुग्ण अडखळला तर त्याचा शेवटचा शब्द त्याला परत द्यावा. ‘रात्री जास्त होतं,’ असे म्हणून तो थांबला, तर ‘रात्री?’ एवढे पुरते. या काळात पेन आणि संगणक दोन्ही दूर ठेवावेत.

पहिली तक्रार सांगून झाल्यावर लगेच तिच्यामागे धावू नये. आधी ‘आणखी काय त्रास आहे?’ असे विचारावे, आणि ‘बस, एवढेच’ असे उत्तर येईपर्यंत विचारत राहावे. येथे शब्दांची निवड महत्त्वाची आहे. आपल्यापैकी अनेक जण घाईत ‘बाकी काही नाही ना?’ असे विचारतात. या प्रश्नातच ‘नाही’ हे उत्तर भरवलेले असते, आणि भिडस्त माणूस ते मुकाट्याने परत करतो. अशाच एका गर्दीच्या दिवशी गुडघेदुखीसाठी आलेल्या एका गृहस्थांना मी हा प्रश्न विचारला होता. ते ‘नाही’ म्हणाले, चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, दाराची कडी हातात धरली आणि पाठमोरेच म्हणाले, ‘जाता जाता विचारतो, दोन महिने शौचावाटे रक्त जातंय, त्याला काही घ्यावं लागेल का?’ ते गुडघ्यासाठी आलेलेच नव्हते. बोलायला सोपा असलेला आजार त्यांनी आधी पुढे केला होता आणि मी तेवढ्यावरच त्यांना बाहेर काढत होतो.

तक्रारी पाच-सहा निघाल्या तर घाबरून जाऊ नये. ‘आज या दोन नीट बघू आणि उरलेल्या पुढच्या वेळी, तुम्हाला यातली कोणती सर्वांत जास्त सतावते?’ असे मोकळेपणाने विचारले तर कोणालाही वाईट वाटत नाही. फक्त त्या यादीत एखादी धोक्याची खूण आहे का, हे तुम्ही पाहायचे आणि असल्यास ती तुमच्या बाजूने पहिल्या क्रमांकावर आणायची.

एका शब्दात चार आजार

रुग्णाचा शब्द हा पुरावा असतो, पण त्याचा अर्थ त्यालाच विचारावा लागतो. मराठीत ‘चक्कर येते’ या दोन शब्दांत किमान चार निरनिराळ्या गोष्टी येतात. खोली फिरल्यासारखी वाटणे, म्हणजे गरगरणे, हे बहुधा अंतर्कर्णाशी आणि काही वेळा मेंदूशी संबंधित असते. उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणे हे रक्तदाब उतरल्याचे किंवा हृदयाचे ठोके बिघडल्याचे लक्षण असू शकते. चालताना तोल जाणे ही पायांच्या नसांची, लहान मेंदूची किंवा दृष्टीची तक्रार असते. आणि नुसते डोके हलके वाटणे यामागे चिंता, जागरण, उपासमार, रक्तक्षय यांपैकी काहीही निघू शकते. म्हणून ‘चक्कर’ हा शब्द ऐकल्याबरोबर चक्करीची गोळी लिहू नये. ‘तो शब्द न वापरता काय होते ते सांगा’ अशी विनंती करावी, आणि मग ते कशाने सुरू होते, किती वेळ टिकते आणि काय करताना होते, हे विचारावे. बिछान्यात कूस बदलताना अर्धा मिनिट गरगरते आणि थांबते, असे कोणी सांगितले तर अंतर्कर्णातील सूक्ष्म खडे जागचे हलले असण्याची शक्यता फार मोठी असते, आणि ते तपासणीच्या टेबलावरच, डोके ठरावीक क्रमाने वळवून, बरे करता येते. त्याला महिनाभराच्या गोळ्या लागत नाहीत.

हे मी एका आजींकडून शिकलो. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. ‘चक्कर येते’ म्हणून त्या दोनदा आल्या आणि दोन्ही वेळा मी गरगरण्याची गोळी बदलून दिली. तिसऱ्या वेळी त्या कपाळावर खोक घेऊन आल्या. पहाटे उठून न्हाणीघराकडे जाताना पडल्या होत्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारले, ‘आजी, नक्की काय होतं?’ त्या म्हणाल्या, ‘उठले की डोळ्यांपुढे काळं होतं, मग काही दिसत नाही.’ त्यांना पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब मोजला, मग उभे करून मोजला. वरचा आकडा १४२ वरून १०८ वर आला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत तो २० किंवा अधिक अंकांनी उतरणे हे सुद्धा पडण्याचे पुरेसे कारण असते. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा म्हटल्यावर त्यांनी कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. अर्धवट फोडलेल्या अकरा स्ट्रिप निघाल्या, काहींना रबर लावलेले, एकीचा कोपरा कात्रीने कापलेला. चष्मा लावून एकेक वाचत गेलो तेव्हा दिसले की रक्तदाबाचे एकच औषध दोन निरनिराळ्या व्यापारी नावांनी त्या सकाळी आणि रात्री घेत होत्या. एक माझ्याकडचे आणि एक दुसऱ्या डॉक्टरांनी आधी लिहून दिलेले. तेव्हापासून पाचपेक्षा जास्त गोळ्या चालू असलेल्या प्रत्येक रुग्णाला मी कागदावरची यादी नव्हे, ती पिशवीच आणायला सांगतो. पिशवी पाहताना औषधाचे मूळ नाव वाचावे, मात्रा वाचावी आणि स्ट्रिपमधल्या उरलेल्या गोळ्या मोजाव्यात.

‘गॅस झालाय’ हा दुसरा शब्द, ज्याने माणसे दगावतात. रुग्ण स्वतःचे निदान करून आलेला असतो आणि ते निदान त्यालाही हवेसे असते, म्हणून आपणही ते पटकन मान्य करतो. अशा वेळी त्याच्या शब्दांपेक्षा त्याचा हात कोठे आहे ते पाहावे. त्रास दाखवताना तो एका बोटाने बरगडीवरची जागा दाखवतो आहे, की वळलेली मूठ छातीच्या मधोमध दाबून धरतो आहे? ‘भरून आल्यासारखं’, ‘दगड ठेवल्यासारखं’, ‘आवळल्यासारखं’ असे शब्द, सोबत घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात उतरणारी कळ, यांपैकी काही असेल तर चर्चा बाजूला ठेवून दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढावा. मधुमेही, वयस्कर आणि स्त्री रुग्णांमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप, मळमळ किंवा अचानक गळून जाणे हेच लक्षण असू शकते. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून हृदयविकार नाही असे ठरत नाही. त्रास चालू असेल तर तो पुन्हा काढावा लागतो आणि रक्तातील ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर वाढणारे प्रथिन, पाहावे लागते. ती सोय आपल्याकडे नसेल तर जेथे आहे तेथे त्याच घडीला पाठवावे.

‘अशक्तपणा’ या शब्दाबाबत मी एकच प्रश्न सुचवतो: ‘पूर्वी जमत होते आणि आता जमत नाही, असे एखादे काम सांगा.’ जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावे लागते असे कोणी म्हणेल, तेथे हृदय, फुप्फुसे आणि हिमोग्लोबिन पाहावे. बसल्या जागेवरून हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही असे कोणी म्हणेल, तेथे स्नायू पाहावेत. आणि कोणी म्हणेल, ‘काम सगळं जमतं, पण कशातच मन लागत नाही.’ तेथे झोप, भूक, रडू येणे आणि जगावेसे वाटते का, हे सरळ शब्दांत विचारावे. आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारल्याने ते विचार रुजतात, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते.

हकिगतीच्या शेवटी एक प्रश्न कधीही गाळू नये: ‘हे कशामुळे होत असेल असे तुम्हाला वाटते?’ डोकेदुखीच्या रुग्णाला तुम्ही दहा वेळा ‘काळजीचे कारण नाही’ म्हणालात तरी, त्याच्या भावाची मेंदूतली गाठ डोकेदुखीनेच सुरू झाली होती हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर तुमचे उत्तर त्याच्या प्रश्नाला लागू पडत नाही.

हात लावून तपासणे

याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे आपल्याला शिकवलेले असते आणि आपण ते फक्त विसरतो. व्हिएन्नातील डॉक्टर आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून आतले पाणी ओळखण्याची पद्धत मांडली, आणि १८१६ मध्ये फ्रेंच डॉक्टर लाएनेक यांनी कागदाच्या गुंडाळीतून हृदयाचे ठोके ऐकले; स्टेथोस्कोपची सुरुवात तीच. ती साधने जुनी झाली म्हणून निरुपयोगी झालेली नाहीत. दुखते त्या जागी हात न लावता निदान सांगणाऱ्या डॉक्टरवर रुग्णाचा विश्वास बसत नाही, आणि तो बसू नयेच. हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर ते धुवावेत. डॉक्टर झेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात एवढ्याच गोष्टीने मातामृत्यू उतरवून दाखवले होते.

दोन मोजमापे आपण सर्रास चुकीची घेतो. रक्तदाब घेण्यापूर्वी रुग्णाला पाच मिनिटे शांत बसू द्यावे, पाठीला आधार असावा, पाय जमिनीला टेकलेले असावेत, दंड हृदयाच्या पातळीवर असावा, लघवी तुंबलेली नसावी आणि मोजताना त्याच्याशी बोलू नये. दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. एकाच मोजणीवर आयुष्यभराची गोळी लिहू नये. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि शक्य असेल तर घरी मोजलेले आकडे मागवावेत. दुसरे मोजमाप श्वासांचे. पूर्ण एक मिनिट घड्याळ समोर धरून ते मोजावेत. बहुतेक केस पेपरांवर लिहिलेला ‘१८’ हा आकडा कोणी मोजलेला नसतो.

चाचणी लिहिण्यापूर्वी

चाचणीच्या कागदावर सही करण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. मला नेमके काय जाणून घ्यायचे आहे? आणि उत्तर ‘हो’ आले किंवा ‘नाही’ आले, तर माझ्या उपचारात काय फरक पडेल? दोन्ही उत्तरांनी उपचार तोच राहणार असेल, तर ती चाचणी बहुधा रुग्णापेक्षा आपल्या मनाच्या समाधानासाठी असते.

‘एकदा सगळ्या तपासण्या करून टाकू’ या वाक्यात किती धोका आहे, हे गणिताने समजून घेण्यासारखे आहे. प्रयोगशाळेची ‘नॉर्मल’ मर्यादा साधारणपणे निरोगी लोकांपैकी ९५ टक्के लोक तीत बसतील अशा बेताने ठरवलेली असते. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाची एक चाचणी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता २० मध्ये १ असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर किमान एक तरी तांबड्या अक्षरात येण्याची शक्यता जवळजवळ ६४ टक्के होते. मग त्या एका आकड्यासाठी पुढची चाचणी, तिच्यासाठी स्कॅन, आणि निरोगी माणूस काही आठवडे रुग्ण होऊन हिंडतो.

दुसरे गणित दुर्मीळ आजारांचे. हजारात एकाला असणारा आजार आहे असे धरा, आणि चाचणी अशी आहे की आजार असलेल्या प्रत्येकाला ती पकडते, पण आजार नसलेल्यांपैकी १०० मागे ५ जणांनाही चुकून ‘आहे’ म्हणते. कोणतेही लक्षण नसलेल्या हजार जणांची ती चाचणी केली तर खरा रुग्ण १ सापडतो आणि खोटे सुमारे ५०. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या ५१ जणांपैकी ५० जण निरोगी असतात. हीच चाचणी योग्य लक्षणे असलेल्या माणसाची केली तर तिचे उत्तर कितीतरी भरवशाचे ठरते, कारण हकिगतीने ती शक्यता आधीच वाढवलेली असते. ऐकणे आणि यंत्र यांचा संबंध असा आहे, आणि म्हणून मी त्यांना एकमेकांचे पर्याय मानत नाही.

किरणोत्साराचाही हिशेब ठेवावा. छातीच्या साध्या एक्स-रेमधून सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट एवढे किरण शरीराला लागतात, तर नेहमीच्या पद्धतीच्या छातीच्या सीटी स्कॅनमधून ७ च्या आसपास. गरज असेल तेथे बेधडक करावा. गरज नसेल तेथे ‘पेशंट मागतो आहे’ हे कारण पुरत नाही. स्कॅनच्या मागणीपत्रावर ‘पोटदुखी’ एवढेच न लिहिता कशाची शंका आहे ते दोन ओळींत लिहावे, कारण काय शोधायचे हे ठाऊक असलेली नजर जास्त शोधते. आणि रिपोर्ट सरळ आला, तर ‘तुम्हाला काहीही झालेले नाही’ असे म्हणू नये. त्रास खरा आहे, फक्त या चाचणीत त्याचे कारण सापडलेले नाही, असे सांगावे. तेच खरे असते.

समजेल असे सांगणे

निदान सांगून झाल्यावर ‘समजलं ना?’ असे विचारले की प्रत्येक जण ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी जबाबदारी आपल्याकडे घ्यावी: ‘मी नीट सांगितले का ते मला बघायचे आहे; घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार, ते मला सांगाल?’ रुग्ण जेथे अडखळेल तेथे आपले सांगणे चुकलेले असते. दीर्घ आजारांत विकसित देशांमध्येही जेमतेम निम्मे रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नमूद केले होते. त्यामुळे ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ हाही निरुपयोगी प्रश्न आहे. ‘रोज गोळी लक्षात ठेवणे कोणालाही कठीणच जाते, गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेली?’ असे विचारले तर खरे उत्तर मिळते, आणि न घेतलेल्या गोळीची मात्रा वाढवण्याची चूक टळते.

आकडे सांगताना टक्क्यांपेक्षा माणसे मोजावीत. ‘या गोळीने धोका २५ टक्क्यांनी कमी होतो’ हे वाक्य, आणि ‘ही गोळी न घेणाऱ्या १००० जणांपैकी २० जणांना झटका येतो, घेणाऱ्या १००० जणांपैकी १५ जणांना’ हे वाक्य, दोन्ही एकाच गोष्टीची आहेत. पण निर्णय घ्यायला मदत फक्त दुसरे करते.

काळाचा अंदाज देणे हाही उपचाराचा भाग आहे. विषाणूमुळे होणाऱ्या तीव्र ब्रॉन्कायटिसमध्ये, म्हणजे श्वासनलिकांच्या सुजेत, खोकला सरासरी अठरा दिवसांच्या आसपास टिकतो, तर रुग्णाची अपेक्षा आठवडाभराची असते. हे आधी सांगितले नाही, तर आठव्या दिवशी तो अँटिबायोटिक मागायला येतो, आणि घेतल्यावर ठरलेल्या वेळी खोकला गेला की श्रेय त्या गोळीला मिळते. मात्र काळाबरोबर धोक्याच्या खुणाही सांगाव्यात: धाप लागली, थुंकीतून रक्त आले, ताप उतरून पुन्हा चढला, तर अठरा दिवस वाट पाहू नका. या खुणा चिठ्ठीवर लिहून द्याव्यात.

संगणकाचा प्रश्न माझ्या पिढीला नवा होता आणि तुमच्या पिढीला जन्मजात आहे. अमेरिकेतील २०१६ च्या एका अभ्यासात दिसले की रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळजवळ दोन तास नोंदी आणि टेबलावरच्या कामात जात होते. नोंदी टाळता येणार नाहीत. पण पडदा रुग्णालाही दिसेल असा वळवून ठेवता येतो, ‘आता मी हे लिहून घेतो’ असे सांगून लिहिता येते, आणि तो रडू लागला तर कळफलकावरचा हात उचलता येतो.

वाईट बातमी

याची तयारी न करता कोणीही खोलीत जाऊ नये. कर्करोग रुग्णांच्या डॉक्टरांसाठी २००० साली सहा टप्प्यांची एक पद्धत प्रसिद्ध झाली. मी तिच्यात अनुभवाची थोडी भर घालून ती वापरतो. जागा बंद दाराची असावी, फोन बंद असावा, आणि सोबत कोण हवे हे रुग्णाने ठरवावे. आधी विचारावे, ‘आतापर्यंत तुम्हाला काय सांगितले गेले आहे?’ मग, ‘तुम्हाला सगळे तपशील ऐकायचे आहेत, की आधी मोठी गोष्ट सांगू?’ त्यानंतर एक वाक्य पूर्वसूचनेचे: ‘रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आलेला नाही.’ एक श्वास थांबावे आणि शब्द स्पष्ट उच्चारावा. ‘गाठ’, ‘वाढ’, ‘डाग’ असे मऊ शब्द वापरले तर रुग्ण ते घेऊन घरी जातो आणि तेथे कोणीतरी त्याला खरा शब्द सांगतो. ‘हा कर्करोग आहे,’ असे म्हणून गप्प राहावे. ही शांतता असह्य होते आणि आपण ती भरायला उपचारांची माहिती ओतू लागतो; त्यातले काहीही त्या क्षणी ऐकू जात नसते. तो बोलेपर्यंत थांबावे. निघताना त्याच्या हातात पुढच्या भेटीची तारीख असावी, आणि ती भेट फार दूरची नसावी.

‘त्यांना सांगू नका, ते खचतील,’ अशी विनंती नातेवाईक दाराबाहेर गाठून करतात. त्यांच्यावर चिडू नये. ते घाबरलेले असतात. कशाची भीती वाटते हे विचारावे, आणि मग स्वच्छ सांगावे की मी रुग्णावर काहीही लादणार नाही, पण त्याने विचारले तर खोटेही बोलणार नाही. त्यानंतर रुग्णालाच विचारावे की त्याला किती जाणून घ्यायचे आहे. अनेकदा त्याला सगळे उमजलेले असते आणि तोही घरच्यांसाठी अनभिज्ञ असल्यासारखा वागत असतो.

‘आता काही करता येणार नाही,’ हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे आहे. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या काळात काळजी घेणारी संस्था, उघडले, तेव्हापासून वेदना, धाप, मळमळ आणि भीती यांच्या उपचाराचे एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले आहे. आजार बरा होणार नसेल तर तसे सांगावे, आणि त्याच दमात वेदनेसाठी काय करणार आहोत ते सांगावे.

चूक झाल्यावर

चूक लपवली की ती दोनदा होते. रुग्णाला काय घडले ते साध्या भाषेत, स्वतः, शक्य तितक्या लवकर सांगावे. ‘मला वाईट वाटते’ म्हणावे आणि दुरुस्ती काय करणार ते सांगावे. घडले तसे केस पेपरवर लिहावे, आणि जुनी नोंद कधीही खोडू नये. त्या आजींना मी त्याच दिवशी म्हणालो की, तुम्ही मागच्या दोन्ही वेळा आलात तेव्हा हा प्रश्न मी विचारायला हवा होता आणि विचारला नाही. त्यांनी टाक्यांवरून हात फिरवला, क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘मग आता यातली कुठली फेकायची?’ त्यांची दुहेरी गोळी आम्ही तेथेच वेगळी काढली, आणि दुसऱ्या डॉक्टरांना मी फोन करून कळवले.

राहिली एक कारकुनी वाटणारी गोष्ट, जिच्या अभावी निदान हातात येऊन निसटते. आपण मागवलेली प्रत्येक चाचणी एका वहीत लिहावी: तारीख, नाव, चाचणी, आणि रिपोर्ट पाहिल्याची सही. बायोप्सी करून रुग्ण परत आला नाही, तर त्याने रिपोर्ट नेला असेल असे गृहीत धरू नये. रोज दवाखाना बंद करण्यापूर्वी ज्या ओळीपुढे सही नाही ती ओळ शोधावी, आणि फोन करावा.